घरचा आजार, बाहेरचा आजार

शहाद्यात मी दवाखाना उघडला तेव्हा गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या अशा दोन गोष्टी माझ्यापाशी होत्या. एक मुंबईची पदवी आणि दुसरा पितळी नळीचा मायक्रोस्कोप. पदवीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मायक्रोस्कोप पाहायला मात्र पहिल्या दिवशी अर्धा बाजार लोटला. पन्नासचं दशक संपत आलं होतं. नव्या दुकानाला पूजा आणि पेढे लागतात तसं नव्या दवाखान्यालाही काहीतरी लागतंच, आणि सत्यनारायणापेक्षा विज्ञान बरं, असं तेव्हा माझं मत होतं.

मला वाढवलं काकांनी. वडील मी लहान असताना गेले. काका त्यांचे धाकटे भाऊ. ब्राह्मणपुरीला कपाशी, केळी आणि ऊस पिकवणारे गुजर शेतकरी. त्यांनी मला डॉक्टर केलं, पण त्यांचा डॉक्टरांवर काडीचा विश्वास नव्हता. घरात एक वकील आणि एक डॉक्टर असावा, म्हणजे दुसऱ्यांच्या दारात जावं लागत नाही, एवढाच त्यांचा हिशेब. वकील आधीच झाला होता, म्हणून मी डॉक्टर. साठीला आलेला हा माणूस पहाटे उठून मळ्याला चक्कर मारायचा, परत येऊन तीन भाकरी खायचा आणि सर्दी-पडसं ही शहरातल्या लोकांची सवय आहे असं मानायचा.

म्हणून निरोगी रक्त कसं दिसतं हे गावाला दाखवायचं तर रक्त काकांचंच घ्यायचं, हे मी आधीच ठरवलं होतं. एवढा खात्रीचा नमुना तालुक्यात दुसरा नव्हता.

दवाखान्याची जागा काकांच्या मित्राची. हे कापडाचे मारवाडी व्यापारी, घराच्या पुढच्या दोन खोल्या त्यांनी मला दिल्या होत्या. काका आणि शेठजी यांची मैत्री सगळ्यांना कोड्यात टाकायची. काका जितके धडधाकट तितके शेठजी आजारी. त्यांना आंबट ढेकर यायचे, गुडघे धरायचे, छातीत धडधडायचं, आणि यांतलं काहीच नसेल त्या दिवशी ‘आज असं कसं’ या काळजीने झोप लागायची नाही. खिशात सुंठीची पुडी घेऊनच ते फिरत.

खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. मायक्रोस्कोपचा आरसा उन्हाकडे वळवून मी छोटंसं भाषण केलं. माणसाच्या रक्तात तांबड्या पेशी असतात, त्या हमालासारख्या. रात्रंदिवस माल वाहतात. पांढऱ्या पेशी असतात, त्या शिपायांसारख्या. रोग आला की त्याच्यावर धावून जातात. शिपाई संख्येने थोडे असतात, शोधावे लागतात. हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

काकांनी बंडीची बाही सारली. ‘‘पहिले मन्हा सिपाई देख.’’

बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब पसरला, वाळवला, रंग दिला. तोवर पेढे फिरले. मग मी डोळा लावला.

शोधण्याचा प्रश्नच नव्हता. एका नजरेत एखादी पांढरी पेशी दिसावी, तिथे त्या गर्दी करून उभ्या होत्या. लहान, गोल, गडद जांभळ्या, सगळ्या एकसारख्या, जणू एकाच साच्यातून पाडलेल्या. मधेमधे काही फुटून पसरलेल्या. रंग बिघडला असेल, असं आधी वाटलं. मग वाटलं, काच नीट धुतली गेली नसेल. मग खात्री करायला शेजारी उभ्या असलेल्या शेठजींचं बोट धरलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून ‘अरे देवा’ म्हटलं.

शेठजींचं रक्त पुस्तकातल्या चित्रासारखं होतं. हमाल जागच्या जागी, शिपाई मोजके आणि बघत राहावेत असे नेमके. एवढं निर्दोष रक्त मी मुंबईतही फारसं पाहिलं नव्हतं. रंग चांगलाच होता, काचही स्वच्छ होती.

लोक रांगेने नळीला डोळा लावून दोन्ही रक्तं पाहून गेले. काकांच्या काचेवर गर्दी, शेठजींच्या काचेवर शुकशुकाट. निकाल लागायला वेळ लागला नाही. शिपाई शोधावे लागतात हे माझंच वाक्य लोकांनी ऐकलं होतं, आणि काकांच्या घरी तर पलटण निघाली होती. काकांनी शेठजींच्या पाठीवर थाप मारली. ‘‘तुम्हना घर तं चौकीदार बी नही, शेठ!’’ सगळे हसले. शेठजी हसले नाहीत. त्यांची शंका अखेर खरी ठरली होती.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, ‘‘काका, थोड्या दिवसांनी आपण पुन्हा एकदा तपासून पाहू.’’

आमच्या घरात अहिराणी बोलली जायची, कधी गुजरी. प्रमाण मराठीला काका ‘साळानी भाषा’ म्हणत. मी घाबरलो की शाळेच्या भाषेत जायचो, हे मला ठाऊक नव्हतं, काकांना होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच आले आणि बाकड्यावर बसले.

‘‘काल तू साळानी भाषा बोलना,’’ ते म्हणाले. ‘‘काय इघडेल शे ते सांग.’’

मी त्यांची मान तपासली. कानाखाली आणि गळ्याच्या बाजूला हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या गाठी बोटाखाली सरकत होत्या. त्या कैक वर्षांपासून आहेत, दुखत नाहीत, असं ते म्हणाले. डाव्या बरगडीखाली प्लीहेची कडा हाताला लागली. मी सांगितलं की रक्तात पांढऱ्या पेशी फार झाल्या आहेत आणि मुंबईला जाऊन माझ्या गुरुजींना दाखवायचं आहे.

‘‘सिपाई जास्त व्हयनात म्हनीसन मुंबईले जानं?’’

‘‘शिपाई नाहीत ते, काका. शिपायाचे कपडे घातलेले आहेत. कामाचे नाहीत.’’

काकांनी बंडीची गुंडी लावली. मग म्हणाले, ‘‘असा लोके मन्हा देखेल शेतस.’’ आणि मुंबईला यायला कबूल झाले.

नंदुरबारहून सुरतेची गाडी, सुरतेहून मुंबई. माझे प्राध्यापक म्हणजे त्या काळातलं मोठं नाव, विद्यार्थ्यांवर दात-ओठ खाणारे. काकांशी मात्र ते फार सौम्यपणे बोलले. रक्त पाहिलं, हाडातला मगज सुईने काढून पाहिला, गाठी चाचपल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘जुनाट ल्युकेमिया. म्हातारपणातला, संथ.’’

‘‘करायचं काय, सर?’’

‘‘काही नाही.’’

‘‘काहीच नाही?’’

‘‘गाठी फार वाढल्या, अशक्तपणा आला, तर गोळ्या आहेत. आज दिल्या तर आयुष्य वाढणार नाही, त्रास मात्र वाढेल. कदाचित हा माणूस दुसऱ्याच कशाने तरी जाईल. तुम्हां मुलांना आम्ही करायचं काय ते सगळं शिकवलं. न करायचं शिकवायचं राहून गेलं.’’

काकांनी सरांना थेट विचारलं, हे आलं कुठून? सरांनी टाळलं नाही. ते म्हणाले, ‘‘सिद्ध करता येत नाही, पण मला वाटतं, कधीतरी तुमची एकच पेशी चुकली. तिने मरायच्या वेळी मरायचं नाकारलं. तिची पोरं, त्या पोरांची पोरं, असा हा सगळा एकाच मूळपुरुषाचा वंश आहे. म्हणून तर सगळे एका चेहऱ्याचे दिसतात.’’

‘‘म्हनजे केळना एक कंद, नि त्यानीच सगळी बाग,’’ काका म्हणाले.

केळीशी सरांची ओळख फक्त जेवणाच्या टेबलावरची. मी त्यांना समजावून सांगितलं की केळ बियाण्याने लागत नाही. बुंध्याशी फुटलेला कंद काढून लावतात, त्यामुळे एका कंदापासून झालेली सगळी झाडं हुबेहूब सारखी असतात. सरांना ते इतकं आवडलं की पुढे ते वर्गात सांगू लागले, असं कानावर आलं. खानदेशातल्या एका शेतकऱ्याने सांगितलं, असं मात्र ते म्हणत नसत.

मग काकांच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं सुरू झाली. यात अतिशयोक्ती नाही.

निरोगी माणसाला गावात कोणी विचारत नाही. आजारी माणसाला विचारतात, पण तो अंथरुणात असतो. काकांना दोन्हींकडचं चांगलं तेवढं मिळालं. त्यांच्या रक्तात दोष होता आणि पायांत जोर होता. नावडत्या पाहुण्याच्या लग्नाला जायचं नसेल तर ‘मन्हा रक्तमा दोष शे’ एवढं पुरे. ग्रामपंचायतीला उभं राहा म्हणून मंडळी आली, त्यांनाही तेच ऐकवलं. कपाशीच्या दलालाशी वाद वाढू लागला की काका हळूच मानेच्या गाठींवर हात फिरवायचे, आणि दलाल मवाळ व्हायचा. बत्तीस वर्षांच्या संसारात काकींनी कधी माघार घेतली नव्हती. त्याही पहिले काही महिने गप्प राहू लागल्या. मग एके दिवशी काका उसाच्या बैलगाडीला एकट्याने खांदा लावताना त्यांना दिसले आणि भांडणं पूर्ववत सुरू झाली.

दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायला काका शहाद्याला येत तेव्हा सोबत चार माणसं असायची. पेशी मोजून झाल्या की ती चौघं आकडा ऐकायला पुढे सरकायची. आकडा वाढला तर त्यांना आनंद व्हायचा. मी नाना परीने समजावलं, की हे शिपाई नाहीत, यांच्यामुळे साधा तापही जड जाऊ शकतो. पण माझ्या भाषणातलं ते वाक्य गावाने पाठ केलं होतं आणि दुरुस्ती करायला मी फार उशीर केला होता. लोणखेड्याच्या एका पहिलवानाने तर आपले शिपाई कमी भरले म्हणून ते वाढवायचं औषध मागितलं.

शेठजी या प्रत्येक वेळी दुकानातून उठून यायचे आणि काकांचा आकडा ऐकून परत जायचे. ‘‘आमचं बघा एकदा,’’ असं ते मला दर वेळी म्हणायचे. मी बघायचो. दर वेळी तेच निर्दोष रक्त.

एका दिवाळीआधी शेठजी दुकानात गिऱ्हाइकाला लुगडं उलगडून दाखवत असताना गादीवरच कलंडले. मी भिंतीपलीकडेच होतो, धावत गेलो, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ज्या धडधडीला आम्ही सगळे हसायचो तिने खरं करून दाखवलं होतं. छाती मी ऐकली होती, अनेकदा. कानाच्या नळीला कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

स्मशानातून परतताना काका शेठजींच्या बंद दुकानापाशी थांबले. मग म्हणाले, ‘‘त्यानं रक्त चांगलं व्हतं ना?’’

‘‘फार चांगलं.’’

‘‘मी त्याले भलता हसनू,’’ ते म्हणाले. त्यानंतर ते रक्त तपासायला एकटेच येऊ लागले.

साठचं दशक अर्ध्यावर आलं होतं. एका उन्हाळ्यात काका ठरलेल्या वेळेआधीच आले. धोतराचा काष्टा सैल झाला होता. रोज दुपारी अंग तापतं आणि पहाटे गादी घामाने भिजते, असं म्हणाले. मी मानेकडे पाहिलं. उजव्या बाजूची एक गाठ लिंबाएवढी झाली होती. बाकीच्या होत्या तशाच, मऊ, सरकणाऱ्या. ही मात्र टणक, जागेला चिकटलेली. महिन्याभरात वाढली होती.

रक्त पाहिलं. पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या, निम्म्याहून कमी.

‘‘कमी व्हयनात?’’ काकांचा चेहरा खुलला. ‘‘म्हनजे आते बरं शे.’’

इतक्या वर्षांनी प्रथमच आकडा मला हवा तसा आला होता, पण औषधाशिवाय तो असा उतरला आणि गाठ अशी वाढली, म्हणजे आजाराने चाल बदलली होती. ‘‘मुंबईला जाऊन येऊ,’’ मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि आकड्याबद्दल पुन्हा विचारलं नाही.

या वेळी काकीही आल्या. सर निवृत्त झाले होते, पण निरोप मिळताच इस्पितळात आले, काठी टेकत. गाठ काढून तपासायला दिली. तपासणारा विकृतिशास्त्राचा डॉक्टर तरुण होता, नुकताच विलायतेहून परतलेला. त्याने आम्हाला काच दाखवली. जुन्या लहान गोल पेशींचा मागमूस नव्हता. मोठ्या, वेड्यावाकड्या, घाईने वाढणाऱ्या पेशींनी गाठ भरून गेली होती. संथ ल्युकेमियाच्या काही थोड्या रुग्णांत शेवटी असा आडदांड लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कर्करोग, उभा राहतो, हे पुस्तकांत आलेलं होतं. तो कुठून येतो याबद्दल पुस्तकंही गप्प होती.

सर आणि तो तरुण डॉक्टर मात्र गप्प नव्हते. काकांच्या खाटेच्या दोन बाजूंना उभं राहून दोघांनी वाद घातला. सरांचं म्हणणं, हा तोच. इतकी वर्षं शांत राहिलेल्या त्याच वंशात एक जण बिथरला आणि त्याने आपली फौज उभी केली. तरुणाचं म्हणणं, चेहरा जुळत नाही, चाल जुळत नाही, तर वंश एक कशावरून? जुन्या आजाराने शरीराचा पहारा ढिला झाला आणि त्यात दुसराच, संबंध नसलेला आजार शिरला. दोघेही अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत बोलत होते. आपल्याविषयी चाललेलं बोलणं काकांना बरोबर कळत होतं.

‘‘केळीचंच बघा,’’ सर शेवटी म्हणाले. ‘‘काय हो काका, तुमच्या बागेत एकाच कंदाच्या रोपांत एखादं वेगळं निघतं की नाही?’’

‘‘निंघस कधी-मधी,’’ काका म्हणाले.

सरांनी विजयी मुद्रेने तरुणाकडे पाहिलं.

‘‘आणि दुसऱ्याच्या बागेतला कंद चुकून मिसळला, असंही होतं का?’’ तरुणाने विचारलं.

‘‘ते बी व्हस.’’

आता तरुण हसला. दोघांचंही समाधान झालं आणि दोघंही आपापल्या मतावर कायम राहून चहाला गेले. काकी इतका वेळ खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं, ‘‘तो असो का हाऊ असो, औषध येगळं शे का?’’ मी म्हटलं, औषध एकच आहे. त्यांनी पदर सावरला आणि काकांसाठी मोसंबं सोलायला घेतलं.

शिरेतून इंजेक्शनं दिली, मानेवर क्ष-किरणांचा शेक दिला. गाठ अशी विरघळली की पाहून विश्वास बसेना. ताप गेला. काका इस्पितळाच्या वऱ्हांड्यात फिरायला लागले. घरी जायची परवानगी मिळाली तेव्हा सर मला जिन्याजवळ म्हणाले, ‘‘ही उघडीप आहे. पाऊस परत येणार. किती दिवस, ते विचारू नकोस.’’

परतीच्या गाडीत व्यारा मागे पडलं आणि नवापूरकडचे डोंगर दिसू लागले. काकी बाकावर टेकून झोपल्या होत्या. काका खिडकीबाहेर पाहत होते.

‘‘तू सांग,’’ ते एकदम म्हणाले. ‘‘त्या दोन्हीस्ना नको. तुले काय वाटस? हाऊ घरनाच शे का भायेरना?’’

मला वाटत होतं, घरचाच. सरांनी शिकवलेला मुलगा दुसरं काय मानणार? पण हा माणूस त्या पहिल्या आजाराशी जुळवून घेऊन जगला होता. त्याच्या नावाने त्याने लग्नं टाळली होती, दलालांना नमवलं होतं, चार माणसांत मान मिळवला होता. इतकी वर्षं ज्याला खाऊ-पिऊ घातलं तोच उलटला, असं त्याला या गाडीत कसं सांगायचं?

‘‘भायेरना शे, काका,’’ मी म्हटलं, आमच्या भाषेत. ‘‘घरना तं गरीब व्हता.’’

त्यांनी मान हलवली. ‘‘माले बी तसंच वाटस,’’ म्हणाले, आणि थोड्या वेळाने डोळे मिटले.

त्यानंतर काकांनी हे वाक्य असं काही उचललं की मीच चकित झालो. ब्राह्मणपुरीत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, ‘‘मन्हा रक्तना दोष तसाच शे, गरीब. हाऊ भायेरना उना.’’ मी समोर असलो तर आवर्जून, मोठ्याने. मला वाटलं, माझ्या त्या एका वाक्याने म्हाताऱ्याला केवढा धीर दिला! मनातल्या मनात मी स्वतःवर खूशही होतो.

उघडीप पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत टिकली. मग मानेच्या दोन्ही बाजू आणि काख एकदमच भरून आल्या. मी मुंबईचं नाव काढलं. काकांनी हात जोडले. घरीच, मळ्याकडच्या खोलीत, एका दुपारी ते गेले. शेवटपर्यंत शुद्धीवर होते. उसाला पाणी दिलं का, हे त्यांचं शेवटचं बोलणं. दिलं होतं.

तेरावा झाला आणि गावात एक गोष्ट पसरलेली माझ्या कानावर आली. काकांचा आजार बाहेरून आला, हे तर त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. बाहेरून म्हणजे कुठून? काका आयुष्यात बाहेर असे गेले कुठे? मुंबईला. तिथे सुई टोचली, मान कापली आणि भलताच रोग आत सोडला. पहिल्यांदा नुसतं दाखवून आले तर वर्षानुवर्षं धडधाकट राहिले, दुसऱ्यांदा कापू दिलं तर दोन-अडीच महिन्यांत संपले. यात तर्काला कुठे फट नव्हती. माझ्या दयेच्या एका वाक्याचं हे पीक होतं.

परिणाम लगेच दिसला. लोणखेड्याच्या एका शेतकऱ्याच्या मानेला गाठी आल्या होत्या. मी त्याला म्हटलं, एक गाठ काढून तपासू, मुंबईला पाठवू. तो काकांच्या ओळखीतला. हात जोडून म्हणाला, ‘‘डॉक्टर, मुंबईना रोग माले नको,’’ आणि निघून गेला.

त्या वादाचं पुढे काय झालं तेही इथेच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. मी निवृत्त झाल्यावर कधीतरी वाचनात आलं की आता पेशीचा वंश ओळखता येतो. संथ ल्युकेमियातून उभे राहिलेले असे लिम्फोमा बहुतेक वेळा त्याच मूळ पेशीचे वारस निघतात. पण सगळे नाही. काही थोडे खरोखरच वेगळ्या वंशाचे, नव्याने आलेले असतात. म्हणजे सर बरोबर आणि तो तरुणही बरोबर, फक्त वेगवेगळ्या रुग्णांत. काकांचं कोणतं होतं? मुंबईत चौकशी केली. प्रयोगशाळा नव्या इमारतीत नेताना जुने नमुने टाकून दिले, असं कळलं. तेव्हा गाडीत मी बोललो ते खोटं होतं, हे सुद्धा आता मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण ते फार नंतरचं. त्या वर्षी, मुंबईची बदनामी ऐकून मी सकाळीच ब्राह्मणपुरीला गेलो. काकी ओट्यावर तुरी निवडत होत्या. ‘‘ये, बठ,’’ म्हणाल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. गाडीत त्या झोपल्या असताना काय बोलणं झालं, मला खरं काय वाटत होतं, मी काकांना का तसं म्हटलं.

‘‘मी जागी व्हती,’’ काकी म्हणाल्या. सूप हलत राहिलं. ‘‘नि त्यास्ले बी माहीत व्हतं. घरनाच शे, हाई त्यास्नी खाटवरच वळखं.’’

‘‘मग सगळ्या गावाला बाहेरचा म्हणून का सांगत बसले?’’

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा शाळेत जाणारा झालो. ‘‘घरनाच शे म्हनता, ते लोके तुले इचारतीन ना, इतला वरीस तू काय करं? मन्हा पोऱ्याना दवाखाना बंद पडी जाई, म्हने.’’

मी सुपातल्या तुरींमधले खडे वेचू लागलो. ज्याला मी धीर देत होतो तो मला सांभाळत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या आवाजात सांगत होता, ताप अंगात असताना.

‘‘आता खरं सांगायला हवं, काकी,’’ मी म्हटलं. ‘‘लोक मुंबईला जायला तयार नाहीत.’’

‘‘तुले चालई?’’

‘‘चालेल.’’

काकींनी सूप बाजूला ठेवलं, पायांत चपला घातल्या आणि माझ्याबरोबर लोणखेड्याला आल्या. त्या शेतकऱ्याच्या अंगणात उभं राहून त्यांनी त्याला सरळ सांगितलं की मुंबईने काही केलं नाही, रोग घरचाच होता, कैक वर्षांपासूनचा, आणि तोच शेवटी चेतला. शेतकऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून नेमकं तेच विचारलं.

‘‘डॉक्टर, मंग इतला वरीस तुम्ही काय करं?’’

‘‘काहीच नाही,’’ मी म्हटलं. ‘‘काही न करणं हाच त्यावरचा चांगला उपाय होता.’’

त्याला ते अजिबात पटलं नाही. जो डॉक्टर स्वतःच्या काकांसाठी काही करत नाही त्याच्या हाती मान कशी द्यायची? त्याने बायकोशी डोळ्यांनीच काहीतरी ठरवलं आणि त्याच आठवड्यात, माझी चिठ्ठीसुद्धा न घेता, मुंबई गाठली. त्याच्या गाठी क्षयाच्या निघाल्या. औषध माझ्या कपाटात होतं, पण ते त्याला मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. वर्षभरात तो ठणठणीत झाला आणि मुंबईसारखं इस्पितळ नाही, असं गावोगाव सांगत फिरू लागला.

त्यानंतर मी कोणाला मुंबईला जा म्हटलं, तर नाही म्हणणारा मला क्वचितच भेटला.